तलवाड्याच्या माळावरची संख्या

मी एक जुनी संख्या आहे. माझं पूर्ण नाव तेवीस कोटी सत्तावीस लाख ब्याण्णव हजार पाचशे साठ. एका दमात म्हणून बघा, निम्म्यात धाप लागते. आकड्यांत लिहिलं तर २३२७९२५६०, म्हणजे नऊच घरं. मित्रांनो, फाटकी छत्री आपली कहाणी सांगते, मोडकी सायकल सांगते, तेव्हा तुम्ही डोळ्यांत पाणी आणून ऐकता. आज एका संख्येनं तोंड उघडलं म्हणून नाक मुरडू नका. गणिताच्या तासाला मुरडता तेवढं पुरे आहे.

संख्यांना जन्म नसतो, त्या असतातच, असं शहाणी माणसं म्हणतात. असेल तसं. पण जिला कधी कुणी हाकच मारली नाही, तिनं आपण होतो म्हणून काय सांगायचं? माझ्यापुरता माझा जन्म तलवाड्याजवळच्या माळावर झाला, मेंढपाळांच्या एका वस्तीतल्या दोन खोल्यांच्या शाळेत. त्याला आता वीसेक वर्षं झाली असतील.

त्या शाळेत योगीराज गुरुजी होते. गेवराईला त्यांच्या वडिलांचं, धोंडप्पांचं, किराणा दुकान होतं. थोरला मुलगा गादीवर बसेल म्हणून धोंडप्पा वाट बघत राहिले आणि हा मुलगा मोटारसायकलला खडूची पिशवी अडकवून माळावर यायला लागला. गुरुजींना एका गोष्टीचा फार त्रास व्हायचा. खेळायला जोड्या पाडल्या, की एखादं पोर उरायचं. तिघातिघांचे गट केले तरी कुणीतरी उरायचं. उरलेलं पोर भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभं राहायचं, आणि गुरुजींचा जीव तिकडंच लागायचा.

एकदा त्यांनी वर्गाला कोडं घातलं. वर्गात अठरा मुलं, हजेरीचे अठरा नंबर. अशी एक संख्या शोधायची, जिला प्रत्येकाच्या नंबरानं भाग जाईल आणि कुणाचंच काही उरणार नाही. आणि त्यातही सर्वांत लहान शोधायची. उगीच अंगापेक्षा बोंगा मोठा नको.

अशी माझी जुळणी सुरू झाली. एक नंबरची काही तक्रारच नव्हती, त्याला कुणीही चालतं. मग दोन आला, तीन आला, दोघांचे मिळून सहा झाले. चारला दोनदा दोन लागतात, एक आधीच होता, म्हणून आणखी एक दोन घेतला आणि बारा झाले. पाच आल्यावर साठ. आणि मग सहा नंबरचा मुलगा पुढं आला, तर त्याच्यासाठी काही करावंच लागलं नाही. दोन आणि तीन आधीच आत बसले होते, त्यांच्या मांडीवर तो आपोआप बसला. पोरांना त्याची मोठी गंमत वाटली. सातानं मात्र आडमुठेपणा केला. सात, अकरा, तेरा, सतरा ही मंडळी एकलकोंडी असतात. ती दुसऱ्या कुणाच्या मांडीवर बसत नाहीत, त्यांना स्वतःची जागा लागते. अशी एकेकाला जागा देत देत, सतरा नंबरपर्यंत पोरांनी एक कोटी बावीस लाख बावन्न हजार दोनशे चाळीस एवढी मजल मारली. अठरा नंबरचा लखन त्यात फुकटात बसला. सगळी पाटी भरली होती आणि सगळ्यांचे हात खडूनं पांढरे झाले होते.

मित्रांनो, गोष्ट तिथंच संपली असती तर मी जन्मालाच आले नसते. ती दुसरीच कुणीतरी असती, माझ्यापेक्षा लहान. पण त्याच आठवड्यात ताराबाई आपल्या मुलीला घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली.

ताराबाई आणि तिचा नवरा नाथा यांची मेंढरं होती. दिवाळी झाली, की ही माणसं घोड्यावर संसार लादून गोदावरीच्या काठानं निघायची. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, शेताला खत मिळायचं आणि यांना धान्य. पावसाळ्याच्या तोंडाला परत माळावर. त्यामुळं त्यांची शिवकन्या अर्धं वर्ष शाळेत आणि अर्धं वर्ष वाटेवर. गेली की हजेरीतून नाव कमी व्हायचं, आली की परत सगळ्यांच्या खाली चढायचं. त्या वर्षीही तसंच झालं. शिवकन्येचा नंबर आला एकोणीस.

आणि एकोणीस हाही त्या एकलकोंड्यांतलाच.

लखननं भरलेल्या पाटीकडं बोट केलं. "गुरुजी," तो म्हणाला, "ही काय चार दिसाची पाव्हणी. मेंढरं हालली की जाईल. हिच्यापायी एवढा मोठा गुणाकार कावून करायचा?"

स्वतः फुकटात बसलेल्यानं हे बोलावं, याचा मला अजून राग येतो. शिवकन्या तोवर भिंतीला जाऊन टेकली होती आणि अंगठ्यानं माती उकरायला लागली होती. गुरुजी लखनवर रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "जाईल तेव्हा जाईल. आज हाय का न्हाई?"

मग त्यांनी युक्ती सांगितली. एकोणीसनं गुणायला जड जातं, तर आधी वीसनं गुणा आणि मूळचा आकडा एकदा वजा करा. सगळा वर्ग जमिनीवर पालथा पडून गुणायला लागला. वजाबाकीतला अगदी डावीकडचा, शेवटचा दोन शिवकन्येनं लिहिला. तो लिहून झाला आणि मी झाले. एका मुलीला आत घ्यायचं म्हणून एक संख्या एकोणीस पट मोठी झाली, असा माझा जन्म आहे. कुळाचा अभिमान म्हणतात तो मला एवढाच आहे, पण आहे.

मला भिंतीवर लिहायचं ठरलं, तर खडू पावसात जाणार. तेव्हा ताराबाईनं घरून एक डबा आणला. मेंढरं आपली ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर ओढतात तो लाल रंग त्यात होता. "ह्यो पावसानं जात न्हाई," ती म्हणाली. "दोन कळप एकमेकांत घुसले ना, की ह्याच्यावरच निवडतो आमी. खूण नसंल ते आपलं न्हाई."

गुरुजींनी सहज विचारलं, "मेंढरं किती हायत तुमची?"

"ते नका विचारू. मोजलं की नजर लागती, म्हणून आमच्यात मोजत न्हाईत. पण एक जरी कमी आसलं तर सांजच्याला घास उतरत न्हाई."

गुरुजींनी डबा हातात घेतला. मग त्यांनी त्या लाल रंगात बोटं बुडवून मला शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लिहिलं, मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.

किती सुखाचे दिवस होते ते. सकाळी प्रार्थना झाली, की मुलं माझ्याकडं तोंड करून आपापल्या नंबरानं मला भागायची. कुणी तेरानं, कुणी सोळानं, आणि शेवटी शून्य आलं की टाळी वाजायची. पुढच्या वर्षांत विसावं मूल आलं, एकविसावं आलं, बाविसावं आलं. मला धडकी भरायची, पण तिघंही माझ्यात सहज मावली. चार आणि पाच आत होतेच, म्हणून वीस बसला. तीन आणि सात होते, म्हणून एकवीस. दोन आणि अकरा होते, म्हणून बावीस. आपल्यात एवढी जागा आहे हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला बोटानं टकटक करून पाहिलं आणि "वा" म्हणाले. मी आठवडाभर फुगून बसले होते.

शिवकन्या दर दिवाळीला जायची आणि पावसाळ्याला यायची. आली की आधी माझ्याकडं यायची, घरी नंतर. माझ्यावर तळवा ठेवायची आणि काठीनं मातीत भागाकार करायची. आपण नसताना आपली जागा कुणी घेतली नाही ना, हे ती बघत असावी. जागा तिथंच असायची. मग एका वर्षी ती आली ती हळद लागूनच. नवऱ्याचं नाव अंगद. त्यांचा कळप मोठा, वाट लांबची. त्यानंतर ती मला दिसली नाही.

योगीराज गुरुजी निवृत्त होऊन गेवराईला गेले. जाताना त्यांनी माझ्यावर पाण्याचं फडकं फिरवलं होतं. पुढं काय, भिंतीला मोटारसायकली टेकायला लागल्या. शेळ्या अंग घासायच्या. पाचशे साठमधला साठ चिखलाखाली गेला. भागाकार मोबाइल करून देत होता, माझ्याकडं कोण बघणार? मला वाईट वाटायचं, पण मी तक्रार करत नव्हते. निदान मी मीच होते.

तेही गेलं. दोन वर्षांमागं, उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळेला रंग द्यायला मांजरसुंब्याहून बंकट पेंटर आला. बंकट माणूस लाखमोलाचा. हायवेवरच्या निम्म्या ढाब्यांच्या पाट्या त्याच्या हातच्या. त्याला सांगितलं होतं, की भिंत पिवळी करायची, पण आकडे पुसायचे नाहीत, आहेत तसे गिरवायचे. त्यानं माझ्यावरचा चिखल धुतला, माझ्या भोवतीनं पिवळा रंग ओढला, निळा डबा उघडला आणि मग तो थबकला. बोटानं त्यानं माझे आकडे मोजले. पुन्हा मोजले.

"नऊच हायत," तो स्वतःशीच म्हणाला. "एक आकडा उन्हानं उडाला आसंल. बिचाऱ्याला फोन कसा लागायचा?"

मित्रांनो, जन्मभर ढाब्यांचे मोबाइल नंबर लिहिलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्यानं आपल्या अंदाजानं माझ्या अगदी सुरुवातीला एक आकडा जोडला आणि दहा पुरे केले. कोणता जोडला ते मी सांगणार नाही, नाहीतर तुमच्यातलं कुणीतरी फोन लावून बघेल. वर त्यानं सुरेख अक्षरात 'संपर्क' असं लिहिलं आणि समाधानानं बिडी पेटवली.

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं की, कोटींची अब्जांत गेलीस. कुठलं बरं? त्या एका आकड्यानं सगळा घोळ केला. दोन, चार, पाच, दहा यांचं काही बिघडलं नाही, त्यांना भाग जात होता. पण अकरा उरला, तेरा उरला, सतरा उरला आणि एकोणीस उरला. नेमकी ती एकलकोंडी मंडळी बाहेर पडली. भिंतीवर दुसरीच कुणीतरी उभी होती, आणि मी तिच्या निळ्या रंगाखाली लाल पडून होते. एकदा एका ट्रॅक्टरवाल्यानं तो नंबर लावलाही. पलीकडून कुणीतरी झोपमोड झाल्यासारखं खेकसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नव्या शिक्षिका सुरेखाबाई शाळेत आल्या त्या या रंगकामानंतर. त्यांनी विचारलं तेव्हा वस्तीतल्या लोकांनी 'जुना कुणाचा तरी फोन हाय' म्हणून सांगितलं, आणि विषय मिटला.

आणि मग या वर्षी, पाऊस पडून माळ हिरवा झाला होता तेव्हा, शिवकन्या आली.

मी तिला पावलांवरून ओळखलं. बरोबर तिची मुलगी होती, सातेक वर्षांची. उज्ज्वला. ताराबाई आता थकली आहे, मेंढरांमागं चालणं तिच्यानं होत नाही, ती वस्तीवरच असते. तिच्याजवळ उज्ज्वलेला ठेवायचं आणि या शाळेत घालायचं, असं शिवकन्या आणि अंगद यांनी ठरवलं होतं. पण मुलगी हटून बसली होती. वाटेवरच्या दोन-तीन शाळांत ती थोडे थोडे दिवस जाऊन आली होती.

"मला न्हाई जायचं," ती म्हणाली. "कुठं बी गेलं तरी शेवटी मीच उरते. कुणी खेळात घेत न्हाई."

"हितं तसं न्हाई," शिवकन्या म्हणाली. "ह्या भिंतीवर एक आकडा हाय. त्यात मी हाय. हितं कुणीच उरत न्हाई, बघ आता."

अंगद रस्त्यावर मेंढरं थोपवून उभा होता. कळपाला पुढं निघायचं होतं. शिवकन्येजवळ मुलीला दाखवायला दुसरं काही नव्हतं, फक्त मी होते. तिनं भिंतीवरचा आकडा पाहिला, जरा चक्रावली, पण इतक्या वर्षांत आपणच विसरलो असू असं तिला वाटलं असावं. तिनं काठी घेतली आणि मातीत एकोणीसनं भागायला बसली.

मी ओरडत होते. संख्येचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

भाग गेला नाही. तिनं पायानं माती सारखी केली आणि पुन्हा मांडलं. पुन्हा उरलं. सुरेखाबाई बाहेर आल्या, काय चाललंय ते त्यांनी विचारून घेतलं आणि त्याही शेजारी उकिडव्या बसून भागायला लागल्या. त्यांचंही उरलं. "माझं पण तेच येतंय हो," त्या हळूच म्हणाल्या.

उज्ज्वला आईच्या तोंडाकडं बघत होती. "आई," ती म्हणाली, "तू बी उरलीस."

शिवकन्येनं काठी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं. त्या क्षणी मला भिंतीसकट कोसळावंसं वाटलं.

पण उज्ज्वला भिंतीजवळ आली. आईला वाईट वाटलं म्हणून असेल, किंवा कळपातल्या पोरीची सवय म्हणून असेल, तिनं उन्हानं पापुद्रे सुटलेला निळा रंग नखानं खरवडला. खाली लाल निघाला. तो लाल तिनं जन्मापासून पाहिलेला होता. तिनं दुसरा आकडा खरवडला, खाली लाल. तिसरा, लाल. सगळे आकडे चाचपत ती सुरुवातीला आली आणि पहिल्या आकड्यावर नख मारलं. खाली नुसता पिवळा.

"आई, ह्ये आपलं न्हाई," ती म्हणाली. "ह्याच्यावर खूण न्हाई. दुसऱ्याचं घुसलंय."

शिवकन्या उठली. तिनं त्या परक्या आकड्यावर आपला तळवा ठेवला, आणि कितीतरी दिवसांनी मी मला दिसले. तिनं मातीत पुन्हा भागाकार मांडला. एक, दोन, दोन, पाच, दोन, दोन, चार, शून्य. खाली काही उरलं नाही. ती खाली बसूनच हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. सुरेखाबाईंनी वर्गातली बावीसच्या बावीस मुलं बाहेर बोलावली. जो तो आपल्या नंबरानं मला भागायला लागला आणि माळावर जुन्या टाळ्या परत आल्या.

त्या गलबल्यात उज्ज्वलेनं विचारलं, "बाई, माझा नंबर किती?"

"तेवीस," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तेवीस हाही एकलकोंडा. मुलांनी मला तेवीसनं भागलं आणि पंधरा उरले. ज्या संख्येत कुणी उरत नाही अशी माझी ख्याती, तिनंच त्या पोरीला दारात उभं केलं. उज्ज्वला मागं सरली, भिंतीला टेकली आणि तिचा अंगठा मातीत फिरायला लागला.

शिवकन्येनं ते पाहिलं. ती तशी कधी काळी याच भिंतीला उभी होती. ती बाईंना म्हणाली, "हिच्यापायी गुणावं लागंल, बाई."

"गुणू की," सुरेखाबाई म्हणाल्या.

शिवकन्येनं गुरुजींची जुनी रीत सांगितली, जड वाटलं तर फोडून घ्यायचं. आधी वीसनं, मग तीननं, आणि बेरीज. बावीस मुलं मातीत पालथी पडली. अंगदनं रस्त्यावरून हाक मारली, ती कुणी ऐकली नाही. बेरीज झाली ती अशी: ५३५४२२८८८०. पाच अब्ज पस्तीस कोटी बेचाळीस लाख अठ्ठावीस हजार आठशे ऐंशी. अगदी डावीकडचा, शेवटचा पाच उज्ज्वलेनं लिहिला.

मी आता त्या भिंतीवर नाही. पुढच्या आठवड्यात बंकटला बोलावून घेतलं. झालेली चूक कळल्यावर त्यानं कानाला हात लावला आणि मजुरी घ्यायला नकार दिला. ताराबाईनं लाल रंगाचा डबा दिला. बंकटनं मला आणि त्या घुसखोराला पुसून काढलं आणि नवी संख्या लिहिली. लिहून झाल्यावर सवयीनं आकडे मोजले. "आता बरुबर दहा हायत," तो खूश होऊन म्हणाला. "कुणाचा नंबर हाय ह्यो?"

"माझा," उज्ज्वला म्हणाली. मग तिनं मागं उभ्या असलेल्या पोरांकडं पाहिलं आणि म्हणाली, "समद्यांचा हाय."

कळप तोवर गोदावरीच्या वाटेला लागला होता. शिवकन्या बरीच लांब जाईपर्यंत मागं वळून बघत होती, आणि उज्ज्वला रडली, पण गेली नाही.

जुने दिवस आठवले की मन भरून येतं, खोटं कशाला बोलू? तो योगीराज गुरुजींचा हात, ते पाण्याचं फडकं, ती सकाळची टाळी. भिंत गेली याचं दुःखही आहे. पण चोविसावं मूल आलं तर नवीत आरामात मावेल. पंचविसावं आलं तर मात्र आणखी एका पाचानं गुणावं लागेल, आणि तेव्हा तिलाही पुसावं लागेल. आमच्या घराण्यात हे असंच चालायचं.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या खेळात कुणी उरलं, तर त्या पोराला बोल लावू नका. संख्या लहान पडली असं समजा आणि गुणायला बसा. आणि कधी तलवाड्याच्या माळावर आलात, तर त्या लाल आकड्यासमोर उभं राहून त्याला तेवीसनं भागून बघा. काही उरणार नाही. जे उत्तर येईल, ती मी.